मध्यंतरातले चार सेकंद

सकाळी सात-दहाला फोन वाजला की अजूनही माझा दाढीचा हात थांबतो. वास्तविक त्या वेळी आता मला कोणी फोन करत नाही. फार तर गाडी धुणारा खालून विचारतो, साब, चाबी. पण त्या तीन आठवड्यांत रोज बरोबर सात-दहाला फोन वाजायचा, मी अर्धी दाढी तशीच टाकून उचलायचो, आणि पलीकडून, ना हॅलो ना नमस्कार, एक संथ, खर्जातला आवाज म्हणायचा, "गणपती बाप्पा…"

आणि मी म्हणायचो, "मोरया."

"नापास," असं म्हणून फोन बंद.

हे अर्थवाले काका. त्यांचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण ते मी लिहिणार नाही. एका कागदावर ते एकदा लिहिलं गेलं तेवढं पुरे झालं.

काका इथे आखातात, रास अल खोरच्या एका इव्हेंट कंपनीत होते. मॅचच्या मध्यंतरात मैदानावर सात-आठ मिनिटांत जो नाचगाण्याचा कार्यक्रम होतो, त्याचं स्टेज, दिवे, धूर सोडायची यंत्रं, सगळं ती कंपनी पुरवायची. आणि टीव्हीवर लाइव्ह जाणार म्हटलं की गाण्याच्या ओळीन् ओळीचा इंग्रजीत अर्थ लिहून तो फॉर्म आधी आयोजकांकडे द्यावा लागायचा. हिंदी, मराठी, गुजराती, कोकणी या चार भाषांचे अर्थ काका लिहायचे. वीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. एका लग्नगीतातल्या 'माझ्या अंगणात चंद्र उतरला' या ओळीवर त्यांनी अर्थाच्या रकान्यात लिहिलं होतं: मुलीचे वडील खूश आहेत. आयोजकांना तेवढंच हवं असतं, ते म्हणायचे. चंद्र लिहिला तर विचारतील, कुठल्या देशाच्या झेंड्यावरचा?

माझी त्यांची ओळख करामातल्या बॅचलर खोलीतली. मी पंचविशीचा, वरच्या बंकवर. ते चाळिशीचे, खालच्या. भर ऑगस्टमध्येही पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाचं बटण लावलेलं. खिशात तीन पेनं. शेंगदाणा एकेक खायचे, तोही सोलून, दोन भाग करून. 'हो' हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. चहा घेणार का विचारलं तर म्हणायचे, "नोंदवलं." म्हणजे घेणार.

खेळात त्यांना काडीचा रस नव्हता. खोलीतले आम्ही पाचजण टीव्हीला चिकटलेलो असताना ते गॅलरीत कपडे वाळत घालायचे, आणि मध्यंतर झालं की हात पुसत आत यायचे. मग आमची उठायची वेळ, त्यांची बसायची. पहिली गोष्ट म्हणजे आवाज बंद करायचा. गाणं ऐकलं की माणूस फसतो, हे त्यांचं मत. आवाज बंद केला की कोण कुणाच्या पुढे उभं आहे, कॅमेरा कुणावर थांबतो, कुणावरून घाईने निघून जातो, ते दिसतं. "मॅच खेळाडू खेळतात," ते म्हणायचे, "मध्यंतर देश खेळतात."

एकदा परदेशातल्या कुठल्याशा मोठ्या फायनलचं रेकॉर्डिंग आम्ही पोहे खात बघत होतो. तिथला गायक सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या घरच्या भाषेत गायला, आणि त्यावरून तिकडे दोन दिवस भांडणं चालली होती, त्या देशाच्या मोठ्या भाषेत का नाही गायला म्हणून. मी म्हटलं, अहो, प्रेमाचं तर गाणं आहे. काकांनी शेंगदाणा फोडला. म्हणाले, त्याने एक घोषणा दिली नाही, एक झेंडा उचलला नाही. नुसती भाषा बदलायची राहून गेली, आणि बघा किती लोकांना टोचलं ते. "मध्यंतरात कोणी गात नसतं हो. सगळे सांगत असतात."

पुढे माझं लग्न झालं, मी करामातच वेगळा फ्लॅट घेतला, सई झाली. काका इंटरनॅशनल सिटीत दोन मल्याळी माणसांबरोबर राहायला गेले. बायको-मुलगा पुण्यात. सईच्या केजीच्या गॅदरिंगला मी त्यांना हौसेने नेलं. मुलं भाज्या झाली होती. कार्यक्रम संपल्यावर काकांनी बाईंना गाठून अत्यंत गंभीरपणे विचारलं, की वांगं शेवटच्या रांगेत का? बाई घाबरल्या. वांगं झालेला मुलगा रडत होता म्हणून त्याला मागे ठेवला होता, असं त्यांनी सांगितलं. काकांनी "नोंदवलं" म्हटलं, पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं. परतताना गाडीत म्हणाले, रडणाऱ्याला मागे ठेवणं हाच तर मेसेज.

आता एवढी ओळख झाल्यावर मूळ गोष्टीकडे येतो. तिच्यात मी फारसा चांगला दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचं मराठी मंडळींचं एक ढोल-ताशा आणि लेझीम पथक आहे. मी त्याचा अध्यक्ष. निवडणूक झाली तेव्हा मी खाली वडे आणायला गेलो होतो. वर आलो तेव्हा टाळ्या वाजत होत्या. मला वाटलं वड्यांसाठी. तर या पथकाला कबड्डीच्या एका मोठ्या प्रदर्शनी स्पर्धेच्या फायनलला मध्यंतरात सहा मिनिटं मिळाली. इनडोअर स्टेडियम, लाइव्ह टीव्ही, इकडे आणि भारतातही. बातमी आली त्या दिवशी निम्म्या पथकाने गावाकडे फोन केले आणि उरलेल्या निम्म्याने फेटे ऑर्डर केले.

आणि करार आला. राजकीय किंवा धार्मिक घोषणा, झेंडे, चिन्हं, हातवारे यांतलं काहीही नाही, असं त्यात चार वेगवेगळ्या प्रकारे लिहिलं होतं. शेवटी 'जबाबदार व्यक्ती' म्हणून एक सही. काही घडलं आणि करणारा सापडला नाही, तर त्या व्यक्तीच्या एम्प्लॉयरला पत्र जाईल. अध्यक्ष म्हणून सही माझी.

माझी नोकरी कार्गो कंपनीत, डॉक्युमेंटेशनला. माझा व्हिसा कंपनीचा, बायकोचा आणि सईचा व्हिसा माझा. म्हणजे एका खुंटीला तीन शर्ट. सई बारावीत, बोर्डाची परीक्षा पाच आठवड्यांवर. माझ्या मॅनेजरला, तो जॉर्डनचा, मी कौतुकाने सांगितलं की टीव्हीवर येणार आहे. तो म्हणाला, फार छान, कल्चर हवंच. पण हबीबी, कंपनीला कुणाचं पत्र आलं तर खलास. हे त्याने हसत हसत सांगितलं. त्याचं हसणं मला अजून आठवतं.

आमच्या पथकाचा अर्थ लिहिण्याचं काम अर्थातच काकांकडे आलं. पथकातल्या एका कॉन्ट्रॅक्टरच्या गोदामात, रास अल खोरला, आमची तालीम चालायची. पहिल्याच दिवशी काका एका प्लायवूडच्या थप्पीवर बसले आणि म्हणाले, वाजवा. आम्ही जीव तोडून वाजवलं. संपल्यावर ते म्हणाले, "छान. आता यातलं काय काय सांगायचंय ते बोला."

कोणाला काही कळेना. मग त्यांनी एकेक काढलं. ध्वज नाचवणारा मुलगा मध्ये येतो, ते काय सांगतो? ध्वज गेला. सगळ्यांचे फेटे एका रंगाचे, ते काय सांगतात? इथे भडका उडाला. एक आयटीवाला तरुण होता, त्याने ताशा खाली ठेवला आणि म्हणाला, हा आपला रंग आहे, त्याचा अर्थ लावणारे तुम्ही कोण? काका चिडले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "फेटा डोक्याला बांधायचाय की मुद्द्याला? डोक्याला असेल तर कुठलाही बांधा. मुद्द्याला असेल तर मुद्दा सांगा, मी रकान्यात लिहितो, खाली तुमची सही घेतो."

सही म्हटल्यावर तरुणाने माझ्याकडे पाहिलं. मी वर पत्र्याकडे पाहिलं.

शेवटी ठरलं की ज्याने त्याने आपल्या घरी लग्नात बांधला होता तो फेटा बांधायचा. चाळीस डोक्यांवर चाळीस रंग आले. काका म्हणाले, हाही मेसेजच आहे, पण हा मला लिहिता येतो.

सगळं साफ झालं आणि मग काकांना झोप येईना. कारण शेवट. शेवटच्या ठोक्याला सगळ्यांनी लेझीम वर धरून स्तब्ध उभं राहायचं होतं. चार सेकंद. हे टीव्हीवाल्यांचं मागणं होतं, त्यांना शेवटचा फोटोसारखा शॉट हवा होता, आणि ते तसूभर हलायला तयार नव्हते. काका गोदामात येरझारा घालत राहिले. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "अध्यक्ष, चार सेकंद रिकामे आहेत. आणि आपला माणूस रिकामी जागा सोडत नाही."

मला अर्थ लागला नाही. त्यांनी पुन्हा शेवट वाजवायला सांगितला. ठोका पडला, लेझीम वर गेल्या, शांतता झाली, आणि आमच्या पाठीमागून, प्लायवूडच्या थप्पीआडून आवाज आला, "गणपती बाप्पा…"

चाळीस तोंडांनी मोरया केला. पत्रे हादरले. आम्हाला वाटलं, वा.

काका थप्पीआडून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणाले, स्टँडमध्ये पाचशे मराठी माणसं असतील. त्यातल्या एकाला तरी ढोल थांबल्यावर हे सुचेल, त्याच्यावर करार नाही, त्याला कोणी धरणार नाही. पण ती आरोळी दिल्यावर सगळे आधी ढोलवाल्यांकडे बघतात. उत्तर ढोलवाल्यांनी द्यायचं असतं. "देवाचं नाव वाईट असं मी म्हणत नाही. मी रोज घेतो. पण आपण लिहून दिलंय की घोषणा होणार नाही. लाइव्ह आहे. परत घेता येत नाही."

तिथून ते तीन आठवडे सुरू झाले. पहिले दोन शब्द ऐकून गप्प राहायचं, एवढंच शिकायचं होतं. तुम्ही करून बघा. तुमच्या घशात तो शब्द तुमच्या आधी राहायला आलेला असतो. काका कुठेही गाठायचे. तालमीच्या मध्येच, पार्किंगमध्ये, लिफ्टचं दार मिटता मिटता. पथकातल्या एका नर्सबाईला त्यांनी ड्यूटीवर फोन केला आणि तिच्या मोरयाने वॉर्डातला एक पेशंट उठून बसला म्हणे. युक्ती त्यांनी एकच शिकवली होती: जीभ टाळूला चिकटवा आणि मनात चार आकडे मोजा.

सईही पथकात ताशा वाजवायची. ती तिसऱ्या दिवशी पास झाली. तिला विचारलं, कसं गं? "आय जस्ट डोन्ट आन्सर, बाबा," ती म्हणाली. जणू काही उत्तर न देणं ही जगातली सगळ्यात सोपी गोष्ट. हळूहळू सगळे पास झाले, तो आयटीवाला तरुणसुद्धा. मी राहिलो. तोंडात लवंग धरली, लवंग गिळली गेली. एकदा ऑफिसमध्ये मॅनेजरच्या केबिनमध्ये फोन स्पीकरवर होता, कराचीहून यायच्या कंटेनरची वाट बघत होतो, आणि काकांचा आवाज आला. मी भर केबिनमध्ये मोरया म्हणालो. मॅनेजरने विचारलं, कस्टमर आहे का? मी हो म्हटलं. आमच्या हिने निकाल दिला, "तुमचं तोंड म्हणजे या बिल्डिंगचा नळ आहे. वॉशर बदला, गळायचा तो गळतोच."

शेवटच्या तालमीत चाळीसजण दगडासारखे उभे राहिले. मी झांज घेऊन कडेला होतो, आणि माझ्या तोंडून 'मो' गेलाच. काकांनी माझ्या हातातली झांज काढून घेतली. म्हणाले, अध्यक्ष, तुम्ही मॅटवर यायचं नाही. तुम्ही बाजूला माझ्या शेजारी उभे राहा, तिथे माझा हात तुमच्या तोंडाला पोचेल. हे चेष्टेत होतं. पण कोण कुठे उभं आहे हे आयुष्यभर बघत आलेल्या काकांची नेमकी तिथेच चूक झाली. कारण त्याच दिवशी टीव्हीवाल्यांनी तक्रार केली होती की लेझमीचा छन् आवाज प्रक्षेपणात येत नाही, आणि काकांनीच त्यांना एक जास्तीचा माइक मॅटच्या कडेला लावायला सांगितला होता. आम्ही उभे राहिलो ते त्या माइकपाशी.

शनिवार. मध्यंतराची शिट्टी झाली. खेळाडू आत गेले, मुलांनी धावत जाऊन मॅटवर जाजमं टाकली आणि चाळीस फेटे उजेडात आले. सई पहिल्या रांगेत, कमरेला ताशा, आईचा जांभळा फेटा. मला तिच्याकडे बघायचं होतं, पण मी घड्याळाकडे बघत होतो. काका शेजारी ताठ उभे, मनगटाचं बटण लावलेलं, ओठांनी ठोके मोजत होते. पाच मिनिटं छप्पन्न सेकंद काय वाजवलं असेल पोरांनी. केरळी, पंजाबी, पठाण, स्टँडमधले सगळे उभे होते. एक अरबी आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन नाचत होते.

शेवटचा ठोका पडला. लेझीम वर. शांतता.

एक. आणि वरच्या स्टँडमधून, ज्या गळ्याने जन्मभर कुठल्यातरी मंडळात आरोळी दिली असेल अशा तयार, गोड गळ्याने कोणीतरी म्हणालं, "गणपती बाप्पा…"

दोन. पाचशे माना आमच्या पोरांकडे वळलेल्या मला दिसल्या. चाळीस तोंडं मिटलेली. सईच्या गालाचा स्नायू नुसता हलला. तो आयटीवाला तरुण डोळे मिटून उभा. इतकं सुंदर गप्प राहिलेलं मी कोणाला पाहिलेलं नाही. माझा ऊर भरून आला.

आणि त्या भरलेल्या उरातून, तिसऱ्या सेकंदाला, एकच आवाज निघाला. स्वच्छ, मोकळा, माइकपासून हातभर अंतरावर.

त्यानंतर अख्खा स्टँड पेटला. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते मॅटकडेच बघत राहिले आणि चौथा आकडा मोजून म्हणाले, "चला, उतरवा पोरांना."

घरी आलो तेव्हा सईने फोनवर क्लिप आधीच बघितली होती. तिने ती माझ्यासमोर एकदाच लावली. टीव्हीवर स्टँडमधली आरोळी लांबून, अस्पष्ट येत होती. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटत होतं की पथकातल्याच कोणीतरी घोषणा सुरू केली आणि लोकांनी ती उचलली.

"बाबा, दॅट वॉज यू," ती म्हणाली.

मी काही म्हणायच्या आत हिने स्वयंपाकघरातून विचारलं, आता काय होईल? मी म्हटलं, सोमवारी अकरा वाजता बोलावलंय. मला आणि काकांना.

"यू विल टेल देम, राइट?"

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं. रविवारचा सगळा दिवस मी ते वाक्य इंग्रजीत जुळवत होतो.

सोमवारी आयोजकांच्या ऑफिसात एक इजिप्तच्या बाई होत्या. दरडावणाऱ्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फार मृदू बोलत होत्या, आम्हाला खजूर देत होत्या. म्हणाल्या, कार्यक्रम सुंदर झाला, त्यांच्या आईने घरी बघितला. मग लॅपटॉप फिरवून त्यांनी तो शब्द तीनदा लावला. हा शब्द काय आहे ते आम्हाला कळलंय, त्या म्हणाल्या, आणि त्यात काही वाईट नाही हेही कळलंय. पण तुम्ही लिहून दिलं होतं, आणि आम्ही ब्रॉडकास्टरला लिहून दिलं होतं. एक नाव लागेल. पत्र त्या व्यक्तीच्या कंपनीला जाईल, आणि ती व्यक्ती पुन्हा लाइव्ह कार्यक्रमात असणार नाही. इतकंच. हा आवाज कोणाचा?

माझं वाक्य तयार होतं. पहिला शब्द ओठांपर्यंत आला होता. मला सईची परीक्षा दिसली, मॅनेजरचं हसणं दिसलं, एका खुंटीवरचे तीन शर्ट दिसले.

"माझा," काका म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. अर्थाच्या फॉर्मवर 'घोषणा नाही' असं लिहून सही करणारे तुम्हीच ना, त्यांनी विचारलं. काका म्हणाले, तोच मी. वीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं, आता वय झालं. त्यांना साठी उलटून गेलेली, व्हिसा वर्षावर्षाने वाढत होता, हे मला माहीत होतं. त्यांच्या कंपनीकडे पत्र गेलं तर पुढचं वर्ष नाही, हेही.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला काही सांगायचंय?"

जीभ टाळूला चिकटली होती. मी एक, दोन, तीन, चार मोजले. आणखी मोजले. त्यांनी लॅपटॉप बंद केला.

खाली येताना लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. काकांनी चष्मा पुसला, परत लावला. म्हणाले, तुम्हाला तिथे माइकपाशी मीच उभं केलं होतं. मी काहीतरी बोलायला लागलो तर त्यांनी हाताने थांबवलं. दार उघडता उघडता म्हणाले, "आज जमलं तुम्हाला."

टोमणा असता तर मी तो जन्मभर पुरवून खाल्ला असता. पण त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. विद्यार्थ्याचा निकाल सांगावा तसं ते म्हणाले, आणि बस स्टॉपकडे चालू लागले. गाडीत सोडतो म्हटलं तर नको म्हणाले.

मी सुट्टी टाकली होती म्हणून घरी आलो. हिने आमटी-भात वाढला. मी जेवलो. लाज वाटते सांगायला, पण भूक चांगली लागली होती. मग जरा आडवा झालो. डोळा लागला.

सव्वातीनला सई शाळेतून आली. दप्तर न काढताच दारात उभी राहून तिने विचारलं काय झालं. मी म्हटलं, मिटलं. कोणाचं नाव दिलं, तिने विचारलं. मी सांगितलं.

तिने दप्तर खाली ठेवलं. आमच्याशी इंग्रजीत बोलणारी मुलगी, एकेक शब्द ठेवत मराठीत म्हणाली, "मग तू काय बोललास?"

मी उठलो आणि पायात चपला घातल्या. ही म्हणाली, अहो, परीक्षा होऊ दे तिची, मग जा. पुढच्या महिन्यात जा. मी किल्ल्या शोधत होतो. किल्ल्या माझ्याच खिशात होत्या, तरी मी दोन खोल्या हिंडून आलो.

इजिप्तच्या बाई त्याच टेबलाशी होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. रविवारी जुळवलेलं वाक्य विसरलो होतो, त्यामुळे हिंदी, इंग्रजी आणि मधेच मराठीत सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग मला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, तुम्ही याल असं मला वाटलंच होतं. दुपारी काकांचा फोन आला होता. नाव लिहिलेला फॉर्म चार वाजेपर्यंत टेबलावर ठेवा, अशी त्यांनी विनंती केली. का, ते त्यांनी सांगितलं नाही. एखाद्यासाठी जागा ठेवायचीय, एवढंच म्हणाले.

त्यांनी ठेवला होता. चार वाजता पाठवला.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. अल खैल रोडवर ट्रॅफिक होतं, असं मी त्यांना सांगितलं. होतंही.